वर जाणारं ओझं

छपराचं काम करणाऱ्याला कोकणात एकच प्रश्न विचारतात, "मिस्त्री, गळणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. आमच्या पट्ट्यात मिरगापासून हस्तापर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, आणि तो सरळ पडेल तर शपथ. त्यामुळे इथलं घर पाण्याच्या हिशोबाने उभं राहिलं. उतार चांगला, वळचण लांब, पडवीत झड येऊ नये म्हणून पुढे झापं. सुतार असो, गवंडी असो की घरमालक, सगळ्यांचा विचार वरून खाली चालतो : पाणी वरून येतं, कौलांचं वजन वाशांवर येतं, वाशांचं भिंतीवर आणि भिंतीचं पायावर. मी याच तालमीत तयार झालो.

वारा हा हिशोब उलटा करतो. जोराचा वारा छपरावरून जाताना छपराला वर ओढतो. ही ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. त्यात समोरचं दार किंवा खिडकी फुटली की वारा घरात शिरतो आणि आतूनही वर ढकलू लागतो. तेवढ्या वेळेपुरतं छपराचं ओझं आकाशाकडे जातं. त्याला धरून ठेवायचं काम ज्या सांध्यांवर येतं, ते त्या कामासाठी केलेलेच नसतात. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असतो, कारण वजन खाली येणार हे गृहीत धरलेलं असतं.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे मंडणगड आणि दापोली या भागात माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांची छपरं गेली. त्यानंतरच्या महिन्यांत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. टाळेबंदीमुळे मुंबईची माणसं गावाला आलेली, वीज गेलेली, डोक्यावर ताडपत्री आणि पाऊस सुरू झालेला. पत्रा मिळेना. मिळाला तर न्यायला रस्ता मोकळा नाही.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. शेजारच्या वाडीत जाऊन पडलेल्या छपराचे पत्रे बहुतेकदा पाइपांना घट्ट धरून होते. स्क्रू जागच्या जागी, वायसरसुद्धा शाबूत. पत्रा पाइपापासून सुटलेलाच नव्हता; पाइप भिंतीपासून सुटला होता. चिऱ्याच्या शेवटच्या थरात खड्डा करून, चार थापी माल भरून पाइप रोवलेला, आणि त्याच्याबरोबर वरचा एखादा चिराही उपटून आलेला. घरमालक म्हणत, "पत्रा हलका लागला, या खेपेला जाड घालू." जाड पत्रा घालून काय होणार? सुटला तो सांधा तसाच राहणार.

आकडे मांडून बघावेत. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 33 मीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 65 ते 70 किलो वजनाइतका होतो, आणि छपराच्या कडांवरची ओढ त्याच्याही पुढे जाऊ शकते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेत चार-पाच किलो भरतो. जाड घेतला तर आणखी दोन किलो. 70 विरुद्ध 7, ही काही लढत नव्हे. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात टिकलेलं छप्पर वादळात टिकेल असं धरून चालता येत नाही.

मंगळुरी कौलांचं गणित वेगळं. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून हे खाचेत खाच बसणारं कौल अख्ख्या किनारपट्टीवर पसरलं. अशा कौलांचं ओझं चौरस मीटरला 35-40 किलोच्या आसपास जातं. हेही 70 पेक्षा कमीच, तरी जुनी कौलारू घरं मी बरीच उभी पाहिली, कारण कौलांच्या फटींतून हवा जाते. आतला आणि बाहेरचा दाब काही अंशी आपसांत मिटतो, म्हणून सगळ्या छपराला एकदम उचल बसत नाही. आधी कडेची कौलं जातात, मग आढ्यावरचे कोने, मग मधली काही. वासे आणि रिपा जागेवर राहतात. झाड पडलं नसेल आणि कौलं मिळाली, तर असं घर थोडक्या दिवसांत पुन्हा झाकता येतं. पत्र्याचं छप्पर मात्र एकसंध असतं. त्याला सोडायचं झालं तर ते सगळंच सोडतं.

म्हणून सगळ्यांनी कौलांकडे परत जावं असं मी सांगणार नाही. कौलं टाकून पत्रा घालणाऱ्यांना नावं ठेवणं शहरातून सुट्टीत येणाऱ्यांना सोपं जातं. ज्या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, तिथे वानरांची टोळी एका दुपारी पन्नास कौलं फोडून जाते. दर वैशाखात कौलं चाळायला गडी मिळत नाही. मिळाला तर त्याला कौलांवर चालता येत नाही. पाय रिपेच्या रेषेवर पडला पाहिजे, नाहीतर दुरुस्तीला चढलेला माणूस नुकसान करून उतरतो. नवी कौलंही आता सहज मिळत नाहीत. आमचं निम्मं काम मोडलेल्या घरांची जुनी कौलं निवडण्यात जातं. पत्रा ही गरज आहे. तो बांधायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

तो बांधायचा वरून खाली, साखळीने. पत्रा पाइपाला, पाइप कैचीला, कैची भिंतीला आणि भिंत पायाला. साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा तुमच्या छपराची ताकद ठरवतो. चिऱ्याच्या भिंतीवर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घातला आणि त्यातून सळ्या किंवा बोल्ट वर काढून ठेवले, तर छपराला अख्ख्या भिंतीचं वजन धरून ठेवतं. जुन्या घरात पट्टा घालता येत नाही. तिथे वाशावरून लोखंडी पट्टी घेऊन ती भिंतीत दोन-तीन थर खाली आरपार बोल्टने आवळायची. एका थरावर भरवसा ठेवला तर वारा तो थर घेऊन जातो. पत्र्याचे स्क्रू मध्ये लांब चालतात, पण वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही टोकांना ते जवळ घ्यायचे. पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून करायची, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्यासमोर येत नाही. अर्थात, चक्रीवादळ पुढे सरकताना वारा दिशा बदलतो, त्यामुळे या हुशारीला वादळात मर्यादा आहे.

पाऊस आणि वारा यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि आमच्या धंद्याची खरी गंमत तिथे आहे. जांभ्याची भिंत भिजू नये म्हणून पाऊस लांब वळचण मागतो. वाऱ्याला ती लांब वळचण म्हणजे हातात आयती मूठ. मी वळचण कमी करत नाही, कारण पाऊस दरवर्षी येणार आहे. तिथली बांधणी वाढवतो. घराचा नकाशा हातात असेल तर दुपाखीऐवजी चौपाखी छप्पर सुचवतो, कारण चारी बाजूंनी उतरतं छप्पर वाऱ्याला उभी भिंत दाखवत नाही. उतार 30 अंशांच्या आसपास ठेवावा. कौलांना तो लागतोच, आणि अगदी सपाट छपरापेक्षा वाऱ्यातही तो बरा.

सगळ्यात धास्ती मला स्लॅबवरच्या शेडची वाटते. स्लॅब गळायला लागला की त्याचं मूळ न शोधता वर पत्र्याची शेड टाकायची, ही आता गावोगावची रीत आहे. चार बाजू उघड्या, पाइपाचे खांब स्लॅबवर छोट्या पट्ट्या ठेवून दोन-दोन खिळबोल्टांनी धरलेले, उतार नावापुरता, वर वाळवणाला छान जागा. वारा खालूनही लागतो आणि वरूनही. ती शेड एकटी जात नाही. ज्याच्या अंगणात पडते त्याचीही कौलं नेते.

वादळं काही रोज येत नाहीत, हे खरं. पण नोव्हेंबर 2009 मध्ये फयान, 2020 मध्ये निसर्ग, आणि वर्षही पुरं झालं नव्हतं तेवढ्यात मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं. निसर्गनंतर घाईत घातलेल्या छपरांची परीक्षा तौक्तेने घेतली. मधल्या काळात खारा वारा आपलं काम करतच असतो. स्क्रूचं डोकं वरून चकचकीत दिसतं आणि आतली मान गंजून बारीक झालेली असते. वायसरचं रबर उन्हाने तडकतं, तिथे पाणी मुरतं, भोक मोठं होतं. ते आधी गळतं, मग सुटतं. गळती कुठे दिसते त्यावर जाऊ नये. पाणी रिपेवरून, वाशावरून वाट काढत भलत्याच खोलीत टपकतं. त्या थेंबाचा माग काढत वर गेलं की बहुतेकदा सैल सांधाच सापडतो. घरमालकाने विचारलेल्या प्रश्नाचा तेवढा उपयोग आहेच : गळती ही वाऱ्याने धाडलेली पहिली नोटीस असते.

अंदाजपत्रकात मी आता बांधणीचा खर्च पत्र्याच्या आधी लिहितो. बोल्ट, पट्ट्या, पट्ट्याचं काँक्रीट. काम झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून कपात करायला पहिलं बोट तिथेच जातं. रंग निवडायला मात्र अख्खं घर अंगणात जमतं. "काका, रंगात काटछाट करा, पांढरा पत्रा घ्या, पण याला हात लावू नका," असं म्हटलं की काही जण ऐकतात. काही जण दुसरा मिस्त्री बघतात. त्या दुसऱ्या मिस्त्रीला त्यांनी एवढंच विचारावं की हे छप्पर कशाला बांधलंय आणि ते कशाला बांधलंय, आणि असं विचारत पायापर्यंत यावं. मध्येच तो अडखळला तर त्याला काम देऊ नये. मी अडखळलो तर मलाही देऊ नये.