गाऱ्हाणे

कुरकुर करण्यात एक सुख आहे, हे मान्य केले पाहिजे. सकाळी अंधेरीच्या फलाटावर गाडी चार मिनिटे उशिरा यावी आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाने 'काय हा कारभार!' म्हणून आपल्याकडे पाहावे. तेवढ्यावर बोरिवलीपर्यंत टिकणारी मैत्री जमते. आम्ही उपनगरवासी पाण्यावर कुरकुरतो, रस्त्यांवर कुरकुरतो, पावसावर कुरकुरतो आणि पाऊस थांबला की उकाड्यावर. त्यात कुणाचे काय बिघडते?

बायबलाच्या मते पुष्कळ बिघडते. माझे घर मरोळच्या गावठाणाला लागून आहे, शेजार ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचा. त्या शेजारामुळे मराठी बायबल माझ्या हाती आले आणि जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या 11व्या अध्यायाशी मी थबकलो. मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानातून चालले आहेत. रोज सकाळी आयता मान्ना मिळतो आहे. तरी ते रडतात कशासाठी? तर मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण यांसाठी! पाठीवरचे वळ विसरले, लसणीचा वास तेवढा ध्यानात राहिला. माणसाची स्मरणशक्ती ही मोठी लबाड वस्तू आहे. देव रागावतो, लावे पक्ष्यांचे थवे पाठवतो, आणि मांस दातांत असतानाच लोकांत मरी पसरते. त्या जागेला 'हावेची थडगी' अशा अर्थाचे नाव पडले.

हे वाचून देवाची धास्तीच वाटावी. पण त्याच अध्यायात आणखी एक तक्रार आहे, आणि ती खुद्द मोशेची आहे. या साऱ्या लोकांना काय मी जन्म दिला, हा भार माझ्या एकट्याच्याने वाहवत नाही, असेच चालायचे असेल तर मला मारून टाक, असे तो देवाला सांगतो. लोकांच्या रडण्यापेक्षा हे कितीतरी कडक आहे. पण देव त्याच्यावर रागावत नाही. भार वाटून घ्यायला त्याला सत्तर वडीलधारी माणसे देतो.

एकच रान, एकच देव, आणि न्याय दोन! याचे उत्तर मला एका बारीक तपशिलात सापडले. लोक रडत होते ते आपापल्या तंबूच्या दारात बसून. मोशे बोलला तो देवाच्या तोंडावर.

आपल्या मराठीत या दोहोंना वेगळे शब्द आहेत. पहिली ती कुरकुर. दुसरे ते गाऱ्हाणे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा ती तक्रार असते की प्रार्थना, हे गुरवालाही सांगता येणार नाही. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, जनाबाईने तर त्याला शिव्या मोजल्या; त्यांना कुणी नास्तिक म्हटले नाही. बायबलातल्या स्तोत्रांतही अशी गाऱ्हाणी जागोजाग आहेत.

खरा पेच पुढे आहे. दुःख आले की ते पापाचेच फळ असे सांगणारी माणसे सर्व धर्मांत मुबलक असतात. ईयोबाचे मित्र तसे होते. राखेत बसलेल्या त्या माणसाला ते अध्यायच्या अध्याय समजावतात की तुझे काहीतरी चुकले असणार. ईयोब देवालाच जाब विचारत राहतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबालाही चार गोष्टी सुनावतो खरा, पण कोप होतो तो मित्रांवर. माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असा निकाल लागतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले.

मग देवाच्या शिक्षेचे काय? नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात बाप मुलाला शिस्त लावतो असा दाखला आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द मुलाला वळण लावण्याचा, शिकवण्याचा आहे. गंमत अशी, की आपली 'शिक्षा'ही संस्कृतात शिकवणच होती. मराठीत येताना तिच्या हातात छडी कशी आली कोण जाणे.

मरोळच्या लोकांना हा धडा पोथीतून शिकावा लागला नाही. जवळच सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. 1579 सालचे ते चर्च. 1840 च्या सुमारास साथीमुळे लोकांनी ते सोडले आणि ते मरोळला आले. पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा उपनगरांतल्या गावठाणांतून क्रूस उभे राहिले. तंबूच्या दारात रडत न बसता माणसे चौकात येऊन देवाशी बोलली.

2021 च्या एप्रिलात आमच्या शेजारच्या मावशींचा तरणाताठा मुलगा करोनाने गेला. समाचाराला आलेल्या एका नातलग बाईंनी, कुठे काय पाप घडले ते आठवून बघ, असे सांगितले. मावशींनी त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवले. त्या रात्री गल्लीत चिटपाखरू नव्हते. क्रूसापुढे उभ्या राहून मावशी मोठमोठ्याने बोलत होत्या. मुलाचे नाव घेत होत्या, त्याचे वय सांगत होत्या, पुन्हा पुन्हा 'का?' विचारत होत्या. मी खिडकी लावून घेतली. ते बोलणे माझ्यासाठी नव्हते.

पुढल्या वर्षी मे महिन्यात क्रूसापाशी नेहमीप्रमाणे सारे गावठाण जमले. प्रार्थना झाल्यावर मावशींनी उकडलेले चणे वाटले. माझ्या ओंजळीत घालताना मी हळूच विचारले, "मावशी, काही उत्तर मिळालं का?"

"नाय," त्या म्हणाल्या. "पन मी रोज येते ना विचाराला." आणि टोपले घेऊन पोरांच्या घोळक्याकडे वळल्या.