हेडफोन मुका झाला तर



हल्ली गावोगाव फिरताना पिकावरच्या किडीआधी माझ्यापुढे मोबाईलचा हेडफोन येतो. "साहेब, वाजत नाही हो!" आपला रायगडचा किनारा खाऱ्या वाऱ्याचा. या हवेने विळ्याला गंज चढतो, तसाच मोबाईलच्या भोकातल्या बारीक पत्र्यांनाही चढतो. म्हणून लगेच नवा हेडफोन आणू नका. सुपारीच्या बागेत सांगतो तेच इथे सांगतो: आधी निदान, मग फवारणी.

तोच हेडफोन शेजाऱ्याच्या फोनला लावून पाहा. तिथे वाजला, तर दोष तुमच्या फोनचा. फोन बंद करून भोकातली धूळ कोरड्या, मऊ कुंचल्याने काढा. टाचणी घालू नका. पिन पुसून पुरती आत बसवा. हेडफोन बिनतारी असेल, तर ब्लूटूथची जुनी जोडणी काढून नव्याने जोडा.

भोकात ओल गेली, तर हेडफोन काढल्यावरही त्याचे चिन्ह पडद्यावर राहते आणि फोन मुका होतो. तो बंद करून वाऱ्यावर सुकू द्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. अशा दिवशी इशारा ऐकू आलाच पाहिजे. तेव्हा मृगाआधी घर शाकारता, तसा फोनही एकदा तपासून ठेवा.