पाठीवरचा आकडा

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा, तितका पेपर मऊ. ८० नंबर खरखरीत, ४०० मुलायम. हे उलटं गणित मला आमच्या आदिलाबादेत, मिस्त्रीकाकांच्या दुकानात उलगडलं. हा नंबर मुळात दाण्याचं माप नसून चाळणीच्या भोकांचा हिशोब आहे. एका इंचात भोकं जास्त, तर त्यातून पडणारा दाणा बारीक. २२० पर्यंतचे दाणे असे चाळून निवडतात. त्याहून बारीक दाण्यांना चाळणी पुरत नाही, म्हणून ते द्रवात सोडतात आणि कोणता किती वेगानं तळाशी बसतो त्यावरून नंबर ठरतो. ८० चा दाणा साधारण ०.२ मिलिमीटरचा, आणि ४०० चा त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चर्चचे सागवानी बाक पॉलिशसाठी मिस्त्रीकाकांकडे आले होते. बाकांपेक्षा मोठा पसारा होता तो पॅडचा. साध्या पेपरच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, पण आता मशीनला चिकटणाऱ्या गोल चकत्या आल्यात. त्यांची पाठच मशीनला चिकटते, त्यामुळे दहा वेळा लावून-काढून तिच्यावरची छपाई पुसून जाते. स्पंजाचे पॅड आणखी वेगळे. आणि त्या जाड जाळीदार घासण्या, हिरव्या, तपकिरी, करड्या, त्यांच्यावर बहुतेक वेळा नंबरच नसतो. रंगावरून ओळखावं, तर एका कंपनीचा रंग दुसरीला लागू पडेलच असं नाही.

इतकी वर्षं मिस्त्रीकाकांना नंबर वाचायची गरज पडली नव्हती. अंगठा फिरवला की कळायचं. पण शुगरमुळे आता बोटांच्या टोकांना पहिल्यासारखं कळत नाही. हे ते कोणाला सांगत नव्हते. मध्यंतरी एका गिऱ्हाइकानं कपाटाची दारं परत आणली, निम्मे पैसेही अडवून ठेवले. पॉलिश चढल्यावर दारांवर बारीक गोल ओरखडे उठले होते. बारीक पॅडच्या ढिगात एखादी जाड चकती मिसळली की असं होतं. नुसतं लाकूड असताना ओरखडा दिसत नाही. पॉलिशचा हात पडला की चमकून वर येतो. त्या दिवसापासून काकांनी शेवटचा हात मारणं सोडलं होतं. ते काम तेलुगू बोलणाऱ्या मदतनीस पोराकडे गेलं, आणि त्याला अजून अंगठ्याची भाषा येत नव्हती.

मग आम्ही तिघं ओळखायला बसलो. सागवानाचा एक तुकडा घेतला. ज्यांच्यावर नंबर शाबूत होते असे १२०, १८०, २२० आणि ३२० चे पेपर त्यावर ओळीनं घासले, शेजारी बिननंबरी पॅड घासला, आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून रेघा जुळवल्या. वरून उजेड पाडला तर काहीच दिसत नाही. आडवा पाडला की प्रत्येक रेघेला सावली येते. काका मात्र डोळे मिटून बसले होते. मी घासत असताना मध्येच म्हणाले, “हा एकशेवीसच्या खालचा हाय पोरी. आवाज ऐक.” टॉर्चनंही तेच सांगितलं. बोटानं सोडलेली जागा कानानं धरून ठेवली होती!

नंबरवर त्यांचा फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. युरोपी पद्धतीत आकड्याआधी ‘पी’ असतो, अमेरिकी पद्धतीत नसतो. २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे, पण पुढे फाटे फुटतात. अमेरिकी ४०० चा दाणा पी ८०० च्या आसपास जातो. म्हणजे आकडा तोच असूनही माल वेगळा. काका म्हणाले, “नंबर कोनाचाबी असो, पायरी सोडू नको.” ८० वरून थेट २२० वर उडी मारली, तर ८० च्या रेघा २२० कितीही घासला तरी सहजी जात नाहीत. मधले १२० आणि १८० करावेच लागतात.

२०१६ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या निर्मलची खेळणी तुम्ही पाहिली असतील. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाचे अवयव वेगवेगळे कोरायचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून ते जोडायचे, वरून तोच लेप द्यायचा, मग पांढऱ्या मातीचा हात, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग चकचकीत दिसतो तो खाली झालेल्या घासाईमुळे. ती घासाई कोणाला दिसत नाही, आणि दिसली तर काम बिघडलेलं असतं.

शेवटी लेबलं लावायची वेळ आली. मी मार्करनं चकत्यांच्या कडेला आणि डब्यांवर इंग्रजी आकडे लिहिले. ते तिघांनाही वाचता येतात. जाड आणि बारीक डबे वेगळ्या फळ्यांवर ठेवले, म्हणजे वरचा दाणा खाली सांडायला नको. काकांनी डबे बघितले आणि म्हणाले, “आता याचं काम काय ते लिव.” त्यांनी सांगितलं तसं मी आकड्याखाली मराठीत लिहीत गेले: पहिला हात. मशीनच्या खुणा काढायला. सीलरच्या आधी. सीलरनंतर, हलका हात. त्याखाली पोरानं तेच तेलुगूत लिहिलं.

साहित्याच्या वर्गात आपण शब्दाचा अर्थ विचारतो. काकांनी प्रत्येक पॅडची वेळ विचारली होती. आकडा चुकीचा निघाला, कंपनी बदलली, छपाई पुसली, तरी ‘सीलरच्या आधी’ हे खोटं पडणार नाही.

बाकांचं काम सुरू झालं तेव्हा काकांनी मला विचारलं, “तुमच्या चर्चात मानसं हात कुठं टेकवतात?” मी पुढच्या बाकाच्या पाठीवरची आडवी पट्टी दाखवली. गुडघे टेकायच्या फळीवर गादी येणार होती, म्हणून तिथं ते १२० वर थांबले. त्या पट्टीला मात्र पोराकडून सगळ्या पायऱ्या करून घेतल्या, स्वतः शेजारी स्टुलावर बसून, कान देऊन. शेवटच्या डब्याची चकती संपत आली तेव्हा हात वर करून म्हणाले, “आपु.” थांब. पोरानं मशीन बंद केलं. मी टॉर्च आडवा धरला. एकही रेघ नव्हती.