लाकडी शिपाई

हाक मारली तरी मूल ओ देत नाही, भिंतीकडे बघत स्वतःशीच पुटपुटतं, आणि घरात काळजी सुरू होते. ‘तो आपल्याच विश्वात असतो’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने क्वचितच म्हटलं जातं. मनोराज्य हा एवढा देखणा शब्द, पण त्याच्यामागे शेख महंमद लागलेलाच असतो. मला वाटतं, अशा वेळी आपण मूल किती वेळ ‘आत’ होतं ते मोजतो. आत जाताना त्याने बरोबर काय नेलं, हे बघत नाही.

हे बघायची सोय क्वचितच होते. यॉर्कशरमधल्या हॉवर्थच्या ब्राँटे भावंडांच्या बाबतीत मात्र ती झाली आहे, कारण त्यांनी सगळं लिहून ठेवलं. जून १८२६मध्ये त्यांच्या पाद्री वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन यांनी एकेक शिपाई आपला म्हणून निवडला, आणि त्यातून पुढे ग्लास टाउन, अँग्रिया, गोंडाल अशी राज्यं उभी राहिली. आई १८२१ सालीच गेली होती. मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी निवासी शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि १८२५मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने गेल्या. वर्षभराने सुरू झालेल्या या खेळात चौघं भावंडं जिनी झाली, आणि लढाईत पडलेल्या शिपायांना पुन्हा उठवण्याची ताकद त्यांनी स्वतःकडे घेतली. याला पळून जाणं म्हणावं, तर ज्याला मरणापासून पळायचंय तो इतकी मरणं असलेला खेळ कशाला मांडेल? बाहेर ज्या गोष्टीपुढे काहीच चाललं नाही, ती त्यांनी आत नेली आणि पुन्हा पुन्हा हाताळली.

बाहेरचं बाकी जगही त्यांनी जसंच्या तसं आत नेलं. घरी येणाऱ्या नियतकालिकांच्या धर्तीवर त्यांनी तळहातात मावतील एवढ्या वह्या शिवल्या, साखरेच्या पुड्याचा कागदसुद्धा वापरला, छापील वाटेल अशा अक्षरात जाहिराती लिहिल्या. शार्लटचा शिपाई वेलिंग्टन. १८०३ साली असईला मराठ्यांच्या फौजेचा पराभव करणारा वेलस्ली तो हाच, त्यामुळे मराठी वाचकाला हे कौतुक जरा बोचतं. पण ते बोचणंच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. त्यांचं ग्लास टाउन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, तिथल्या अशांती लोकांशी लढून वसवलेलं होतं. साम्राज्याची हाव त्यांच्या दिवाणखान्यात न धुता-पुसता शिरली होती.

यावर पहिला आक्षेप शार्लटच्याच डायरीतून येतो. रो हेडच्या शाळेत शिकवताना ती मनाने अँग्रियात असायची, आणि मुलींनी तंद्री मोडली की चिडायची. हे खरोखरच वास्तवाकडे पाठ फिरवणं होतं. पण तेव्हा ती दहा वर्षांची नव्हती, वीस वर्षांची होती, आणि समोरच्या नोकरीत मन रमण्यासारखं काही नव्हतं. दार आतून लावलं गेलं ते बालपणी नव्हे. एमिलीचं उदाहरण तर आणखी अडचणीचं. १८४५ साली, सव्वीस-सत्तावीसच्या वयात, अ‍ॅनबरोबर यॉर्कच्या प्रवासात ती गोंडालची पात्रं वठवत होती. मात्र घरातल्या बहिणींचे रेल्वेचे शेअर सांभाळणारीही तीच.

ब्रॅनवेलपाशी मात्र अडखळायला होतं. अँग्रियातल्या नॉर्थँगरलँडचं नाव घेऊन त्याने वर्तमानपत्रांत कविता छापल्या, आणि पुढे दारू आणि अफूत बुडून तो १८४८मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला. खेळ तोच, भावंडं तीच; तीन बहिणींना लेखिका करणारा खेळ एकट्या भावालाच कसा बाधला? त्याच्याकडून बाहेरच्या जगात राज्य जिंकण्याची अपेक्षा होती, बहिणींकडून कसलीच नव्हती, हा फरक मला खेळापेक्षा मोठा वाटतो. पण हा माझा कौल आहे. सिद्ध करता येणार नाही.

ही प्रतिभावंतांची गोष्ट, साध्या मुलांचं काय, असंही कोणी म्हणेल. ऑरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी काल्पनिक सवंगडी असलेल्या मुलांचा अभ्यास केला. त्या सवंगड्याबद्दल रंगून बोलणारं मूल मध्येच थांबून, तो खोटाखोटा आहे बरं का, असं विचारणाऱ्या मोठ्या माणसालाच समजावतं, असं त्यांना दिसलं. काळजी करावी ती आपल्याच खेळाला घाबरणाऱ्या, तो थांबवता न येणाऱ्या मुलाची.

शार्लटने १८३९च्या सुमारास अँग्रियाचा लेखी निरोप घेतला. १८४७ साली आलेल्या ‘जेन आयर’च्या सुरुवातीला दहा वर्षांची पोरकी जेन खिडकीत, लाल पडद्याआड, पक्ष्यांच्या पुस्तकातली चित्रं बघत बसलेली आहे. मग तिला हाक मारून बाहेर बोलावलं जातं, आणि तेच पुस्तक तिच्या अंगावर भिरकावलं जातं.