धार-देवास : आधी विचारलं की नंतर?

मंडळी, माळवा म्हटलं की आपल्याला पवारांची संस्थानं आठवतात. देवासची थोरली आणि धाकटी पाती, टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली कुमार गंधर्वांचं घर. धारला किल्ला आणि मुंज तलाव. इंदूरहून दोन्हीकडे सकाळी पोहे खाऊन निघालं तर संध्याकाळी घरी परतता येतं. मागच्या हिवाळ्यात आम्ही शनिवारी देवास आणि रविवारी धार केलं. पण आज तुम्हाला न्यायचंय ते वाटेवरच्या दोन वेगळ्या जागी.

पहिली जागा म्हणजे देवासहून मक्सीकडे जाताना लागणारं टोंक कलां. इथे शेताशेतात तलाव दिसतात. काठावर बगळे, बाजूला गहू आणि हरभरा. खरं तर हा जिल्हा पाण्यासाठी तरसलेला. 1990 साली देवास शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. शेतकरी बोअर खोल खोल नेत होते, कर्ज वाढत होतं आणि पाणी आणखी खाली जात होतं.

2006 मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव शेतकऱ्यांशी बोलायला बसले. सुरुवात मोठ्या शेतकऱ्यांपासून केली. बोअरवर किती खर्च झाला, हाती काय आलं, आणि जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा तलावाला दिला तर काय होईल, असा साधा हिशेब मांडला. लोकांनी प्रश्न विचारले, शंका काढल्या आणि मग स्वतःच्या खर्चानं तलाव खोदले. तलावांना नाव मिळालं रेवासागर आणि खोदणाऱ्यांना भगीरथ कृषक. पुढच्या काही वर्षांत जिल्ह्यात असे हजारो तलाव झाले.

दुसरी जागा धार जिल्ह्यातली. धारला जाताना वाट थोडी वाकडी केली की पीथमपूरची औद्योगिक वसाहत लागते. भोपाळच्या 1984 च्या वायू दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून राहिलेला 337 टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2 जानेवारी 2025 रोजी पहाटे इथे पोहोचला. दुसऱ्याच दिवशी गाव रस्त्यावर उतरलं. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. 6 जानेवारीला न्यायालयानं सरकारला सहा आठवड्यांची मुदत दिली. त्यानंतर प्रशासनानं समजावणीच्या बैठका घेतल्या. दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि उरलेला कचरा जून अखेरपर्यंत जाळून झाला. धूर मर्यादेत होता, असं प्रदूषण नियंत्रण मंडळानं सांगितलं.

हा कचरा कुठेतरी नष्ट करायलाच हवा होता. भोपाळच्या लोकांनी तो चाळीस वर्षं उशाशी घेऊन काढली होती. पण पीथमपूरकरांची समजावणी झाली ती मुख्यतः कंटेनर दारात उभे राहिल्यावर. तेव्हा आकडे खरे असले तरी ऐकणाऱ्याला ते सारवासारवच वाटतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच आहे. वापरणाऱ्याला आधी विचारलं तर तो चुका दाखवतो, नंतर विचारलं तर तक्रार करतो. माणूस तोच असतो.

आपल्यापैकी तरुण मंडळींसाठी एक कामाची गोष्ट सांगतो. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांना मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. ती जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी चालवतो. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तिथे बोललेलं नोंदवलं जातं आणि लेखी म्हणणंही देता येतं. अशा सूचना आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात आणि बहुतेक घरांत त्या पानावर कांदे चिरले जातात.

पुढच्या सुट्टीत माळव्यात आलात तर मुलांना देवासची टेकडी आणि धारचा किल्ला जरूर दाखवा. सोबत टोंक कलांचे तलाव आणि पीथमपूरचा रस्ताही दाखवा. आणि आपल्या गावात अशी सूचना निघाली तर तीस दिवसांतली एक संध्याकाळ काढून तो सारांश वाचा आणि चार ओळी लिहून द्या.