उरणचे मीठ आणि काळे-पांढरे फोटो

ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही माय-लेकी फजरची नमाज आटोपून घराबाहेर पडलो. पिशवीत पराठे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एका नातलगाकडून घेतलेला जुना डिजिटल कॅमेरा. नेरूळहून उरणची लोकल पकडली. लेक नुकतीच बारावीच्या परीक्षेतून मोकळी झाली होती. काळी-पांढरी छायाचित्रे काढायला शिकायचे, हा हट्ट तिचा. यात शिकायचे ते काय, मोबाइलवर एक बटण दाबले की रंग जातात, असे घरात सगळ्यांनाच वाटत होते. उरणने ही समजूत मोडली.

उरणला लोकल अगदी अलीकडे आली. खारकोपरपासून पुढचा मार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. अटल सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. त्याआधी मुंबईहून यायचे तर भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, नाहीतर पनवेलमार्गे लांबचा फेरा. आता खिडकीतून खाडी, तिवरांची हिरवी झाडी आणि कंटेनरच्या उंच राशी दिसतात. न्हावाशेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधी जानेवारी १९८४मध्ये याच भागात, जासई परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. उरणची जमीन पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही. भातशेती आणि मिठागरे ही इथली जुनी ओळख. आगर म्हणजे मिठागर. आगरी हे नावही त्यावरूनच आले, असे सांगतात. आज त्यातली बरीच आगरे भरावाखाली गेली आहेत.

स्टेशनबाहेरून रिक्षा करून आम्ही खाडीकडे, उरलेल्या आगरांपैकी एका आगरावर पोहोचलो. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हावर आटवायचे आणि खाली बसलेले मीठ ओढून बांधावर रास करायची, असे हे काम पाऊस येईपर्यंत चालते. एक वयस्कर बाई घमेल्याने मीठ वाहत होत्या. आम्ही सलाम-नमस्कार केला आणि आधी विचारले, "मावशी, फोटो काढला तर चालेल का?" न विचारता कुणाचा, विशेषतः बाईमाणसाचा, फोटो काढायचा नाही हा आमच्या घरचा नियम. त्या हसल्या. "काढ गं बाय. पण मला दाखव."

लेकीने फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "यात मी कुठं आहे?"

खरेच होते. मीठ राखाडी आणि चेहरा काळा ठिक्कर. कॅमेरा समोरचा सगळा प्रकाश मोजून त्याची सरासरी मध्यम राखाडीवर आणतो. आजूबाजूला पांढरेच पांढरे असले की तो प्रकाश कमी घेतो, आणि त्यात माणसाचा चेहरा बुडतो. प्रकाश वाढवला तर उलटा त्रास. मीठ इतके पांढरे होते की त्यातला एकही कण दिसत नाही. डिजिटलमध्ये अंधारातला तपशील थोडाफार वर काढता येतो, पण करपून गेलेला पांढरा परत मिळत नाही.

तोडगा मावशींच्याच कामात सापडला. त्या राशीपाशी वाकल्या तेव्हा मिठावरून उसळलेला प्रकाश खालून त्यांच्या चेहऱ्यावर आला. सुरकुत्या दिसल्या, डोळे दिसले. आम्ही जवळ गेलो, थोडा प्रकाश वाढवला आणि तेवढाच एक फोटो घेतला. ऊन चढण्याआधी किंवा असरनंतर काम करावे, हेही तिथेच कळले. त्या वेळी उजेड आणि सावली यांच्यातले अंतर कमी असते.

परतीच्या गाडीत लेकीने विचारले, रंगच नको तर कॅमेरा रंगीत फोटो का घेतो? खरे तर सेन्सरला रंग कळतच नाही. त्याचा प्रत्येक बिंदू किती प्रकाश आला एवढेच मोजतो. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांची बारीक जाळी असते. एक लाल, एक निळी आणि दोन हिरव्या, अशी. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावे या रचनेचे पेटंट १९७६चे आहे. त्याच्या कितीतरी आधी, हजारेक वर्षांपूर्वी, बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास मांडला होता. 'कॅमेरा' हा शब्द मात्र अरबीतून आलेला नाही, मोबाइलवर फिरणारे संदेश काहीही म्हणोत. तो लॅटिनमधला, अर्थ खोली. आपल्या उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला, त्याच मुळाचा.

घरी संगणकावर खरा धडा सुरू झाला. 'रॉ' फाइलमध्ये सगळे रंग शाबूत असतात. कोणत्या रंगाला किती उजळ करायचे ते आपण ठरवायचे. नुसते रंग काढले तर मावशींचे लाल लुगडे आणि मागची हिरवी तिवरे एकाच राखाडीत मिसळून गेली. लाल वाढवला तर लुगडे उजळले, झाडी गडद झाली, आकाशही गडद होऊन ढग उठून दिसले. फारच सुंदर! आणि मावशींचा चेहराही उजळला. आम्ही आणखी थोडा लाल वाढवला. त्या गोऱ्यापान दिसू लागल्या.

लेक म्हणाली, "अम्मी, या त्या मावशी नाहीत."

हात थांबला. हुजूर पैगंबरांच्या (स.) अखेरच्या खुतब्यातली गोऱ्या-काळ्याची शिकवण वर्गात मुलांना समजावून सांगायची, आणि स्थळे पाहताना 'मुलगी रंगाने उजळ' असे लिहायचे, हे आपल्याच घरांत चालते. तीच सवय आता बोटांतून संगणकात उतरली होती. मावशींनी चाळीस उन्हाळे मिठावर काढले असतील. तो रंग त्यांच्या मेहनतीचा होता. आम्ही लाल मागे घेतला. ढग थोडे फिके झाले. चेहरा मावशींचा झाला.

होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे. कला शाळेत शिकल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी काळ्या-पांढऱ्यात टिपली. त्यांचे फोटो लेकीने त्यानंतर पुन्हा पाहिले, आणि या वेळी आधी चेहऱ्यांवरचा उजेड पाहिला.

तीन आठवड्यांनी आम्ही फोटोची मोठी प्रत घेऊन पुन्हा उरणला गेलो. दुसऱ्याचा चेहरा आपल्याकडे अमानत असतो, पोहोचवायलाच हवा. मावशींनी पदराला हात पुसून प्रत घेतली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही मी," त्या म्हणाल्या. मग बांधाकडे बोट दाखवले. "आता या आगराचा एक काढ. मी काय, घरी आहेच. हे पुढच्या साली असेल की नाही, कुणाला ठाऊक."

लेकीने कॅमेरा उचलला. या वेळी तिने आधी मिठाकडे पाहिले.