राउम आणि आपली झाडी

साकोली, जि. भंडारा

प्रिय बेटा,


तुझ्या जर्मनच्या वर्गात 'राउम' या शब्दापाशी सगळे अडले, असं तू लिहिलंस. एका धड्यात त्याचा अर्थ खोली, दुसऱ्यात जागा, आणि पुढे 'वेल्ट' म्हणजे जग जोडलं की 'वेल्टराउम', थेट अंतराळ! एवढ्याशा शब्दात एवढं कसं मावतं, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्याचं मुद्दाम टाळलं. ते आपल्या झाडीपट्टीतून जातं आणि सावकाश सांगण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट, हा शब्द तुला परका नाहीच. भंडाऱ्यात भिंतीवर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी असते ना, त्यातली 'रूम' आणि हा 'राउम' सख्खी भावंडं. जुन्या इंग्रजीतही 'रूम'चा अर्थ खोली नव्हता. ऐसपैस मोकळी जागा, एवढाच होता. भिंती त्या शब्दाला नंतर आल्या. याच मुळापासून लॅटिनमध्ये खेड्यापाड्यांचा, शेतशिवाराचा मुलूख सांगणारा शब्द निघाला, आणि अवेस्तेच्या भाषेत, म्हणजे संस्कृतच्या बहिणीत, 'रवह' म्हणजे मोकळी जागा. जर्मनमध्ये चार भिंतींच्या खोलीला रोजचा शब्द 'त्सिमर' आहे. तो मूळचा इमारती लाकडाचा. त्याचं मूळ 'बांधणे' या अर्थाचं, आणि त्याच मुळातून वेदांतला 'दम' म्हणजे घर आला, ज्याच्यावरून आपण नवराबायकोला दंपती म्हणतो.

पण राउमचं खरं मर्म ग्रिम बंधूंनी सुरू केलेल्या जर्मन शब्दकोशात सापडतं. त्या कोशाचा पहिला खंड 1854 मध्ये निघाला आणि शेवटचा 1961 मध्ये. इतक्या पिढ्या त्या कामावर खपल्या. त्यात राउमबद्दल म्हटलं आहे की हा वसाहत करणाऱ्यांचा जुना शब्द. रान तोडून वस्तीसाठी मोकळी केलेली जागा, ती राउम; आणि तसं मोकळं करणं म्हणजे 'रॉयमेन'. शाळेत आपण अवकाश म्हणजे सगळीकडे सारखी पसरलेली, आधीपासूनच असलेली पोकळी असं शिकतो. जर्मन कुणब्याचा राउम आधीपासून नव्हता. तो कुऱ्हाडीने केलेला होता.

आता आपल्याकडे बघ. आपल्या भागाचं नावच झाडी. त्या नावावरून बोली झाडीबोली, आणि दिवाळीनंतर रात्र रात्र रंगणारी ती झाडीपट्टीची नाटकं. म्हणजे इथला माणूस स्वतःला रानावरून ओळखतो, पण जगतो त्या रानात केलेल्या मोकळ्या जागेत. वैनगंगेच्या काठी ही जागा फार जुनी आहे. पवनीला 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. पुढे गोंड राजवटीत कोहळी समाजाने रानात उतारावरचं पाणी अडवून तलाव बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन द्यायची, अशी चांद्याच्या गोंड राजांची रीत होती. आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो याच मेहनतीमुळे. आणि नवेगाव बांधचा तलाव आता गोंदियात मोजला जात असला, तरी 1999 पर्यंत तोही भंडाऱ्याचाच होता. मूळ गावापासून सरकून चार घरांनी नवी जागा मोकळी केली की तिला टोला किंवा टोली म्हणायचं. असे किती टोले तुला तोंडपाठ आहेत!

मात्र आपल्याकडे नुसतं रान तोडून भागत नाही. धानाला पाणी उभं लागतं. चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला, तेव्हा कुठे तिथे रोवणी होते, आणि म्हणून त्या तुकड्याला आपण 'बांधी' म्हणतो. जागेला तिच्या हद्दीवरून नाव! मार्टिन हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1951 मध्ये डार्मश्टाट शहरात एक व्याख्यान दिलं. युद्धात शहरं जमीनदोस्त झाली होती, घरांची भयंकर टंचाई होती, आणि विषय होता बांधणं आणि राहणं. तिथे त्याने राउमचा हाच जुना अर्थ पुढे केला आणि म्हटलं की हद्द म्हणजे एखादी गोष्ट संपते ती रेघ नव्हे. तिथून ती गोष्ट सुरू होते. पुस्तकात हे वाचणाऱ्याला अवघड जातं. धुऱ्यावर उभं राहून बांधीत चढणारं पाणी पाहिलेल्या तुला ते लगेच पटेल.

आपल्या संस्कृत वारशातही रानातल्या मोकळ्या जागेचा एक शब्द आहे, आणि तो आपण दिवसातून शंभरदा उच्चारतो: 'लोक'. वेदांत त्याचा अर्थ माणसं असा नाही. मोकळी, ऐसपैस, उजेडाची जागा असा आहे. त्याचे नातलग लिथुआनियनमध्ये शेताला आणि लॅटिनमध्ये राईला म्हणतात. मोकळ्या जागेवरून जग, जगावरून त्यात राहणारी माणसं, असा तो सरकत आला. अवकाशाचं मूळही दिसण्यात, प्रकाशण्यात आहे, आणि त्याचा अर्थ जागाही होतो, वेळही: 'पेरणीला अजून अवकाश आहे.' जर्मनमध्ये 'त्साईट' म्हणजे वेळ जोडून 'त्साईटराउम' करतात, म्हणजे कालावधी. दोन्ही भाषांना वेळेतही मोकळीक दिसली.

इथवर सगळं गोड आहे, पण पुढचं सांगितल्याशिवाय मी हे पत्र संपवणार नाही. मोकळी केलेली जागा आधी कुणाची तरी असते. फ्रीडरिश राट्झेल या भूगोलतज्ज्ञाने 1901 मध्ये 'लेबेन्सराउम', म्हणजे जगण्यासाठी लागणारी जागा, या नावाचा निबंध लिहिला. हिटलरच्या राजवटीने तोच शब्द उचलून पूर्व युरोप जर्मनांसाठी रिकामा करायला घेतला, आणि लाखो माणसं मारली गेली. वर सांगितलेला हायडेगरही 1933 मध्ये नाझी पक्षात गेला होता. तुला हे माहीत असायलाच हवं. राजकारणाच्या बोलण्यात तो शब्द तिथे आजही कुणी सहज तोंडात घेत नाही. तूही घेऊ नकोस.

आणि 'रॉयमेन'चा दुसरा अर्थ आहे खाली करणे. तो तर आपल्या जिल्ह्याने सोसला आहे. पवनी तालुक्यात गोसेखुर्दला 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी चढत गेलं तशी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावंच्या गावं उठली. धरणाचा फायदा मी नाकारत नाही. पाण्याविना धान कसं करपतं ते मी पाहिलं आहे. पण नव्या गावठाणात भूखंड मोजून मिळाला, तरी गुरं गोळा होण्याचा आखर, गावची बोडी म्हणजे लहान तळं, रानातला आणि तलावातला पिढ्यांचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क, कोणत्या फितीने मोजायचा? ज्या जागेत माणसं राहून गेली ती जागा नकाशावर मोकळी दिसते, एवढंच. मोजणारा जेव्हा 'इथे काही नाही' असं लिहितो, तेव्हा मला ते कधीच खरं वाटत नाही.

म्हणून राउम पाठ करशील तेव्हा रॉयमेन त्याच्या शेजारी लिहून ठेव. नाम पुल्लिंगी आहे: 'डेअर राउम', अनेकवचन 'डी रॉयमे'. 2024 मध्ये महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करार झाला, त्या वाटेने तू निघाली आहेस. तिथे गेल्यावर 'व्होनराउम', म्हणजे राहण्याच्या जागेचा, भाडेकरार तुझ्यापुढे येईल. त्यात 'रॉयमुंग' हा शब्द दिसला तर तो घर खाली करण्याबद्दलचा आहे. ते कलम पूर्ण समजल्याशिवाय सही करू नकोस, आणि अडलं तर मला त्याचा फोटो पाठव.

तुझा,
मामा